मराठी अभिजात चित्रपटांची चांगली घरगुती प्रत: मागायचं नेमकं काय?

कृष्णधवल (धागालेखक)

गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात (इफ्फी) 2023 साली 'श्यामची आई'ची (1953) रिस्टोअर, म्हणजे डागडुजी केलेली प्रत दाखवली गेली. त्याच विभागात 'गाइड', 'हकीकत' आणि 1937 चा 'विद्यापती'ही होता. पुढच्या वर्षी तिथेच फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) दाखवला. म्हणजे काम चालू आहे आणि ते चांगलं होतंय. पण घरी आपण अजून व्हीसीडीच्या जमान्यातली प्रतच बघतो: कडा कापलेल्या, चेहरे पांढरेफटक, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, आणि गाणं सुरू झालं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

माझे प्रश्न तीन. महोत्सवात दाखवलेली प्रत सरळ ब्ल्यू-रेवर का येत नाही? आपण हक्कदारांना किंवा एनएफडीसीला (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाला) पत्र लिहायचं ठरवलं तर त्यात नेमकं काय मागायचं? आणि तोवर हाताशी असलेली प्रत त्यातल्या त्यात नीट कशी बघायची?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली. 'संत तुकाराम'ची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत मीही आहे.

रीळवाला

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

महोत्सवात जी दाखवतात ती डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची प्रत. तिच्यात प्रत्येक फ्रेम जेपेग 2000 पद्धतीने साठवलेली असते, रंग एक्सवायझेड या मापात असतात आणि डेटा सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत जातो. घरच्या टीव्हीला यातलं काहीच कळत नाही. डिस्कसाठी रंग रेक 709 या टीव्हीच्या मापात आणावे लागतात, सेकंदाला 25-30 मेगाबिटमध्ये बसेल असं एन्कोडिंग करावं लागतं, उपशीर्षकं वेगळी तयार करावी लागतात आणि शेवटी एका माणसाने पूर्ण चित्रपट डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. स्कॅनिंग आणि डागडुजीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. मोठं काम आधीच झालेलं असतं. म्हणून तर ते घरापर्यंत न येणं जास्त टोचतं.

मोठं काम म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट. दोन तासांचा चित्रपट 10,800 फूट, म्हणजे 1,72,800 फ्रेम. 4के स्कॅनची एक फ्रेम 4096 गुणिले 3112, दहा बिटांत साधारण 51 एमबी. गुणाकार केला की पावणेनऊ टीबीच्या वर जातो, तोही फक्त कच्चा माल. त्यानंतर फ्रेमगणिक धूळ, ओरखडे, थरथर, उजेडाची लुकलुक.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

पावणेनऊ टीबी! आणि तो चित्रपट आपण बघतो 700 एमबीच्या दोन चकत्यांवरून.

पेरूगेट

@रीळवाला, एक भर घालतो. स्कॅन कशावरून केला हे आधी विचारायला हवं. क्रम असा: मूळ कॅमेरा निगेटिव्ह सर्वांत वर, मग त्यावरून काढलेली मास्टर पॉझिटिव्ह, मग ड्यूप निगेटिव्ह आणि सगळ्यांत खाली चित्रपटगृहात फिरलेली प्रदर्शन-प्रत. प्रत्येक पायरीला बारकावा कमी होतो, कॉन्ट्रास्ट वाढतो. थिएटरच्या प्रतीचा 4के स्कॅन करून '4के रिस्टोरेशन' असं लिहिणं खोटं नाही, पण चार हजार पिक्सेलमध्ये पकडण्याजोगं त्या प्रतीत फारसं उरलेलंच नसतं.

आणि बऱ्याचदा एकाच स्रोतावर भागतही नाही. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'च्या (1976) वेळी चित्र मूळ निगेटिव्हवरून घेतलं, आवाज मात्र 35 मिमी प्रदर्शन-प्रतीवरून. सत्यजित रायांच्या 'अपू' त्रयीची निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली होती. ती कडक, ठिसूळ झालेली रिळं इटलीतल्या बोलोन्यात पुन्हा ओलसर करून मऊ केली, कडेची छिद्रं दुरुस्त केली आणि जी फ्रेम वाचली ती वापरली. 'पथेर पांचाली'त सुमारे 40 टक्के भाग असा मूळ निगेटिव्हमधून आला, 'अपराजितो'त 60 टक्क्यांहून जास्त. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह कामाची राहिलीच नव्हती, तिथे फाइन-ग्रेन मास्टर (म्हणजे मास्टर पॉझिटिव्ह) आणि ड्यूप निगेटिव्ह वापरावी लागली. 2015 मध्ये ब्ल्यू-रे आली ती या सगळ्यानंतर.

सुलभा_ठाणे

मग प्रभात फिल्म कंपनीचं काय? त्यांची निगेटिव्ह आहेत ना पुण्यात?

पेरूगेट

सुलभाताई, हा दुखरा भाग आहे. 1951 च्या आसपासपर्यंत जगभर नायट्रेट फिल्म वापरात होती. प्रभातचा 1930 आणि 40 च्या दशकांतला सगळा काळ त्यात येतो. नायट्रेट दिसायला अप्रतिम, पण सडू लागलं की उन्हाळ्याच्या नुसत्या उष्णतेनेही पेटू शकतं. जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे पाणी मारून विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि त्यात मूकपट व सुरुवातीच्या बोलपटांची रिळं गेली. त्याआधी सेफ्टी फिल्मवर उतरवून घेतलेल्या प्रती आहेत, म्हणून आज 'संत तुकाराम' (1936), 'कुंकू' (1937), 'माणूस' (1939) बघता येतात. पण उतरवलेली म्हणजे एक-दोन पायऱ्या खालची, हे ध्यानात ठेवून अपेक्षा करायची. 'पथेर पांचाली'च्या कॅमेरा निगेटिव्हमधून मिळालेला बारकावा इथे मिळणार नाही. स्थिर, स्वच्छ, पूर्ण चौकटीचं आणि योग्य वेगाचं चित्र मात्र नक्की मिळू शकतं.

'श्यामची आई' 1953 चा, त्यामुळे तिथे धोका आगीचा कमी आणि आंबण्याचा जास्त.

तिसरी_घंटा

आंबण्याचा म्हणजे?

रीळवाला

नायट्रेटनंतर आलेली सेफ्टी फिल्म ॲसिटेटची. दमट, गरम हवेत ॲसिटेटमधून ॲसेटिक ॲसिड सुटतं. डबा उघडला की शिरक्याचा वास येतो, म्हणून त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. सुटलेलं आम्लच पुढच्या विघटनाला वेग देतं, त्यामुळे एकदा सुरू झालं की भराभर वाढतं. ओळखायला ए-डी पट्ट्या मिळतात. निळ्या रंगाच्या असतात, बंद डब्यात ठेवायच्या. हिरव्या झाल्या तर सुरुवात झाली आहे, पिवळ्या झाल्या तर ताबडतोब स्कॅन करा. फिल्म आक्रसते. एक टक्क्याच्या वर आक्रसली की छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि चालवायला गेलं तर फाटते. म्हणून आताचे स्कॅनर दात्यांऐवजी रबरी रोलरवर फिल्म चालवतात आणि छिद्राची जागा कॅमेऱ्याने ओळखतात.

मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत गोदामात ठेवलेल्या डब्यांचं काय होत असेल ते यावरून समजेल. आपली खरी घाई डिस्कची नाही, स्कॅनची आहे. डिस्क पाच वर्षांनी निघाली तरी चालेल.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

शेवटच्या वाक्याशी असहमत. स्कॅन होऊन हार्ड डिस्कवर पडून राहिला तर त्याचा लोकांना काय उपयोग? माणसं बघतील तेव्हाच पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे राहतील.

रीळवाला

मान्य. दोन्ही हवं. फक्त क्रम चुकू नये एवढंच म्हणणं.

पांढरी_चार

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आपले जुने चित्रपट निम्मे कानांनी बघायचे असतात.

पहिला दोष पट्टीचा. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा, पण पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत 25 ची. जुनी टेप बनवताना सरळ 25 ने चालवायचे. वेग 4 टक्क्यांनी वाढतो आणि सूर सुमारे 0.7 श्रुतीने, चुकलो, 0.7 अर्धस्वराने चढतो. म्हणजे पेटीच्या पांढरी एकमधलं पद काळी एकच्या जरा खाली जाऊन बसतं, धड इकडे नाही धड तिकडे नाही. 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनीसांचा आवाज टीव्हीवर पातळ वाटतो त्यामागे हे एक कारण असू शकतं. पेटी घेऊन बसा. पद कुठल्याच पट्टीत नीट लागत नसेल तर वेगाचा संशय घ्यावा. (जुन्या ध्वनिमुद्रणात पेटीच वेगळ्या सुरातली असू शकते, म्हणून हा पुरावा नाही, संशयच.) खात्री करायची तर लांबी मोजा: 120 मिनिटांचा चित्रपट 115 मिनिटं आणि 12 सेकंदांत संपला आणि एकही दृश्य गाळलेलं नसेल, तर वेग वाढलाय.

दुसरा दोष नको तितक्या सफाईचा. 1930 च्या दशकातल्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीत वरच्या कंपनसंख्या मुळातच कमी. जे काही आहे त्यात टाळांची किणकिण आहे आणि 'स', 'श' आहेत. खरखर काढायचं सॉफ्टवेअर जोरात लावलं की आधी टाळ जातात. अभंगातून टाळ गेले तर राहिलं काय! 'कुंकू'मध्ये तर पार्श्वसंगीतच नाही, प्रसंगात असतात तेच आवाज. त्यात घड्याळाची टिकटिक अर्थाने भरलेली आहे. तडतड काढणाऱ्या फिल्टरला टिकटिक आणि तडतड यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही पुसतो. असं काम माणसाने बसून, एकेक आवाज ऐकून करायचं असतं.

एडिसनकर

@पांढरी_चार, प्रतिसाद कापून जपून ठेवला. इकडे अमेरिकेत सोसायटीच्या मंडळात चित्रपट दाखवताना नेहमी हा प्रश्न येतो: भारतात निघालेल्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससी, म्हणजे इकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात, तरी चालत्या माणसाच्या मागे भूत दिसतं. ते का?

रीळवाला

कारण मूळ टेप पालची. 25 फ्रेमच्या टेपवरून एनटीएससीच्या 29.97 फ्रेम काढताना यंत्र दोन शेजारच्या फ्रेम मिसळून नव्या बनवतं. प्रत्येक मिश्र फ्रेममध्ये हात दोन ठिकाणी दिसतो. थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या, लगेच कळेल. हे घरी दुरुस्त होत नाही. मिसळलेलं दूध-पाणी वेगळं करता येत नाही. उलट नुसतं इंटरलेस असेल, म्हणजे हलत्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत असतील, तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ मेन्यूतून डी-इंटरलेस चालू करून 'याडिफ' निवडायचं. बरंच सुधारतं.

सुलभा_ठाणे

तिसऱ्या प्रश्नावर आलोच आहोत तर टीव्हीवर काय बदलायचं तेही सांगा. घरोघरी चेहरे रुंद झालेले दिसतात.

पेरूगेट

1. पिक्चर साइज 4:3. 'वाइड', 'झूम' काही नको. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या आपल्या बोलपटांची चौकट साधारण 1.37:1 असते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्याच पाहिजेत. पडदा भरावा म्हणून 16:9 मध्ये कापलं तर उंचीतला 23 टक्के भाग जातो. कपाळ तरी जातं नाहीतर हातातलं निरांजन तरी.
2. ओव्हरस्कॅन (चित्र ताणून कडा कापणं) बंद. काही टीव्हींवर त्याला 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' म्हणतात.
3. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम बेतून हालचाल गुळगुळीत करणं) बंद. नाव कंपनीगणिक वेगळं असतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की बहुतेक गोष्टी आपोआप बंद होतात.
4. शार्पनेस शून्याच्या जवळ. व्हीसीडीच्या 352 गुणिले 288 चित्राला धार लावली की कडेला पांढरी रेघ उमटते, बारकावा वाढत नाही.
5. कृष्णधवलसाठी रंगछटा 'वॉर्म'. 'कूल'वर सगळं निळसर दिसतं.

पांढरी_चार

आणि वाढलेला वेग उतरवायचा असेल तर: व्हीएलसीत वेग 0.96 करा, पण त्याआधी प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली 'टाइम स्ट्रेचिंग'ची खूण काढा. ती खूण असेल तर वेग उतरतो पण सूर चढलेलाच राहतो, आणि आपल्याला दोन्ही उतरायला हवेत. नुसतं गाणं वेगळं काढलं असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरा, गुणक 0.96. 'चेंज पिच' किंवा 'चेंज टेम्पो' नको, ते दोघं एकेकच गोष्ट बदलतात.

नवा_पडदा

एवढी खटपट कशाला? आता एआयने कुठलाही जुना चित्रपट 4के होतो. यूट्यूबवर किती गाणी आहेत तशी, छान दिसतात.

कृष्णधवल

@नवा_पडदा, ती मीही पाहिली आहेत. लांबून छान दिसतात हे खरं. पण एका चेहऱ्यावर थांबवून बघा. 'श्यामची आई'च्या व्हीसीडीत वनमालाबाईंच्या डोळ्याला मोजून दहा-बारा पिक्सेल आले असतील, तर पापणी कशी होती ही माहिती त्या चकतीत नाहीच. यंत्र हजारो इतर चेहऱ्यांवरून पापणी बेतून बसवतं. तो दुसऱ्याच कुणाचा डोळा असतो. लुगड्याचं सूत जाऊन प्लास्टिक येतं, मागच्या भिंतीचा पोपडा गुळगुळीत होतो, घोळक्यातल्या लांबच्या चेहऱ्यांचे तर आकारच बिघडतात.

रीळवाला

ग्रेनचं, म्हणजे फिल्मवरच्या दाण्यांचंही तेच. कृष्णधवल फिल्मचं चित्र चांदीच्या कणांचंच बनलेलं असतं. 'दाणे काढले' म्हणजे चित्राचाच भाग काढला. मात्र @नवा_पडदा यांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. धूळ शोधणं, फाटलेल्या फ्रेमचा एखादा कोपरा आधीच्या व पुढच्या फ्रेमवरून भरणं यासाठी संगणक सर्रास वापरतात, आणि वापरावाच. फरक इतकाच की तिथे शेजारच्या फ्रेममध्ये खरी माहिती असते आणि नंतर माणूस तपासतो.

सगळे ओरखडेही संगणकाने काढायचे नसतात. फिल्मच्या पाठीवर, म्हणजे बेसवर पडलेले ओरखडे स्कॅन करतानाच जातात. वेट-गेट म्हणतात त्याला. फिल्म एका द्रवातून जाते, द्रवाचा अपवर्तनांक बेसच्या जवळपास असतो, त्यामुळे द्रवाने भरलेली चीर प्रकाशाला दिसतच नाही. इमल्शनवरचा, म्हणजे चित्र असलेल्या थरावरचा ओरखडा मात्र असा जात नाही. तिथलं चित्रच खरवडलेलं असतं.

नवा_पडदा

ओके, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मुलं कृष्णधवल बघत नाहीत हा प्रश्न उरतोच. 'मुघल-ए-आझम' 2004 मध्ये रंगीत करून आणला तेव्हा गर्दी झालीच ना?

तिसरी_घंटा

झाली. पण रंग भरण्याआधी त्याच्या निगेटिव्हची डागडुजी झाली होती. रंगीत आवृत्ती काढायची तर काढा, डिस्कवर कृष्णधवल सोबत द्या, आणि मूळ म्हणून कृष्णधवलच ठेवा. मुलांचं म्हणाल तर 'छडी लागे छम छम' सुरू झाल्यावर रंगाची आठवण कुणाला राहते?

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

रंगीत चित्रपटांचं दुखणं वेगळंच. 'पिंजरा' (1972) डिजिटल होऊन 2016 मध्ये पुन्हा थिएटरात लागला. पण त्या काळातल्या बाकी रंगीत मराठी चित्रपटांच्या प्रती टीव्हीवर लालभडक का दिसतात?

पेरूगेट

ईस्टमनकलर प्रतीत रंगाचे तीन थर असतात: निळसर, जांभळट-गुलाबी आणि पिवळा. इंग्रजी नावाने सायन, मजेंटा, यलो. त्या काळच्या प्रती अंधारात, बंद डब्यातही विटतात, आणि सायन सगळ्यांत आधी. तो गेला की हिरवी झाडं तपकिरी, आभाळ गुलाबी. थोडं विटलं असेल तर स्कॅननंतर प्रत्येक थर वेगळा ओढून समतोल आणता येतो. पूर्ण गेलेला थर ओढायला काही उरतच नाही.

ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग जुळवताना आणखी एक काळजी. हल्ली सावल्या हिरव्या-निळ्या आणि कातडी नारिंगी करायची सवय लागली आहे. 1970 च्या दशकातल्या मातीचा, फेट्याचा, कुंकवाचा लाल रंग त्यात हरवतो. छायाचित्रकार हयात असतील तर त्यांना शेजारी बसवायचं. नसतील तर जपलेली चांगली प्रत, छायाचित्रं, कपडे यांवरून ठरवायचं.

एडिसनकर

एक शंका. प्रभातचे कितीतरी चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्हींत निघाले. मराठीचं एखादं रीळ खराब असेल तर हिंदीतलं दृश्य नाही का वापरता येणार?

पेरूगेट

चांगली शंका. पण ते डबिंग नव्हतं, दोन्ही आवृत्त्या स्वतंत्र चित्रित होत. 'शेजारी' (1941) आणि 'पडोसी' घ्या. गजानन जागीरदार दोन्हींत मिर्झा आहेत, पण समोरचा म्हातारा मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. तिथे अदलाबदल अशक्य. 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने'मध्ये शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हीकडे आहेत, तरी ओठांची हालचाल वेगळी. संवाद नसलेला, माणसं नसलेला शॉट दोन्हींत एकच आहे का, हे फ्रेमवर फ्रेम ठेवून तपासता येईल. एकच निघाला तर वापरावा, पण कुठे वापरला ते पुस्तिकेत लिहावं. वेगळा निघाला तर ओरखडे असलेला मराठीच ठेवावा.

सुलभा_ठाणे

हक्कांचं कसं असतं? इतके जुने चित्रपट तर खुले झाले असतील ना?

तिसरी_घंटा

भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. 1936 चा केव्हाच संपला, 1953 चा 2013 अखेर. पण चित्रपटातल्या पटकथा, गीतं, संगीत यांचा हिशेब वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांचा. 'श्यामची आई'चे आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क 2029 अखेरपर्यंत. त्याचे संगीतकार वसंत देसाई 1975 मध्ये गेले, म्हणजे संगीताचा 2035 अखेरपर्यंत. डिस्क काढणाऱ्याने वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आणि हक्क संपला म्हणजे रीळ हाती आलं असं नव्हे. निगेटिव्ह ज्याच्या ताब्यात, चांगली प्रत त्याच्याच हातात. हक्क संपलेल्या चित्रपटाची व्हीसीडी कुणीही पुन्हा छापतो, म्हणून बाजारात दहा कंपन्यांच्या दहा चकत्या दिसतात आणि आत एकच टेप असते.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

व्हीसीडीवरून आठवलं: दोन चकत्यांत बसवायला दृश्यं गाळतात. एका चकतीत 74 मिनिटं, दोन म्हणजे 148. चित्रपट 150 मिनिटांचा असेल तर तिसरी चकती नको म्हणून कात्री. गंमत म्हणजे पालच्या वेगाने तोच 144 मिनिटांत बसतो, म्हणजे एका दोषाने दुसरा वाचतो! म्हणून कुणाकडे जुनी व्हीएचएसवरची दूरदर्शनची नोंद असेल तर टाकू नका. चित्र वाईट असलं तरी गाळलेली दृश्यं कुठे होती ते त्यावरून कळतं.

रीळवाला

त्यासाठी थोडक्यात: कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. स्वच्छ कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे करून घ्या. एस-व्हिडिओ असेल तर पिवळी आरसीए वायर वापरू नका. मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळता सिग्नल सरळ करणारं यंत्र) असला तर उभ्या रेघा वाकड्या होत नाहीत. 720 गुणिले 576, 25 फ्रेम, इंटरलेस तसंच ठेवून साठवा. डीव्ही पद्धतीत तासाला 13 जीबी लागतात. डी-इंटरलेस वगैरे नंतर, मूळ फाइलला हात न लावता.

एडिसनकर

डिस्क निघालीच तर प्रदेशाचा कोडही पाहायला हवा. भारतातली डीव्हीडी प्रदेश 5, ब्ल्यू-रे 'सी'. अमेरिका 'ए', इंग्लंड-युरोप 'बी'. 4के अल्ट्रा एचडीला प्रदेशबंधन नसतं. परदेशात मराठी घरं इतकी आहेत, तेव्हा डिस्क सर्व प्रदेशांत चालेल अशी काढा हे पत्रात लिहाच.

नवा_पडदा

डिस्कच का? ओटीटीवर आलं तर जास्त लोक बघतील.

पांढरी_चार

यावं की, जरूर यावं. पण स्ट्रीमिंगला सेकंदाला पाचेक मेगाबिट मिळतात, त्यात ग्रेन चिखलासारखा होतो. आणि करार संपला की चित्रपट गुपचूप काढून घेतात. कपाटातली चकती कुणी काढून नेत नाही.

कृष्णधवल (धागालेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्राचा मसुदा इथल्या प्रतिसादांवरून बेतला आहे:

"चित्रपट मूळ चौकटीत, 1080 ओळींत बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून (चित्र 1480 गुणिले 1080) द्यावा. वेग 24 फ्रेम. ग्रेन पुसू नये. स्कॅन कोणत्या स्रोतावरून केला, कुठली रिळं दुसऱ्या प्रतीतून घेतली, हे पुस्तिकेत लिहावं. आवाजाच्या दोन पट्ट्या द्याव्यात: एक हलक्या हाताने साफ केलेली, एक जशी मिळाली तशी. चित्रावर कोणताही शिक्का नको. मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं बंद करता येतील अशी हवीत. डिस्क सर्व प्रदेशांत चालावी."

काही राहिलं का?

सुलभा_ठाणे

उपशीर्षकांत गाण्यांचा अर्थही हवा. बऱ्याच डिस्कवर संवाद भाषांतरित असतात आणि गाणं लागलं की पडदा कोरा. 'आधी बीज एकले'चा अर्थ कळला नाही तर परभाषिकाला त्या प्रसंगात काय कळणार? आणि मराठी उपशीर्षकं कमी ऐकू येणाऱ्यांसाठीही आहेत, त्यात 'टाळ', 'दार वाजतं' अशा खुणा घालाव्यात.

पांढरी_चार

दोन्ही आवाजपट्ट्या 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, लॉसलेस (दर्जा न घटवता साठवलेल्या) असं स्पष्ट लिहा. आणि मोनोच ठेवा. एका ध्वनिपट्टीचं 5.1 (सहा वाहिन्यांचं सराउंड) करून पखवाज मागच्या स्पीकरमधून वाजवू नका.

पेरूगेट

श्रेयनामावली पूर्ण हवी. मूळ शीर्षकपट्ट्या काढून कंपनीची नवी पट्टी चिकटवलेल्या प्रती पाहिल्या आहेत. छायालेखक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार यांची नावं त्या मूळ पट्ट्यांवर आहेत, आणि कितीतरी जणांची दुसरीकडे कुठेच नाहीत.

कृष्णधवल (धागालेखक)

तिन्ही घातले. रविवारी सकाळी पूर्ण मसुदा इथेच टाकतो. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली गावाचं नाव लिहा, व्यक्तिगत माहिती नको.

एडिसनकर

एडिसन, न्यू जर्सी.

सुलभा_ठाणे

ठाणे.

नवा_पडदा

नाशिक. आणि टीव्ही 4:3 वर केलाय.